ई ड्राइव्हवरील जुन्या फोल्डरमध्ये डाउनलोड जतन होत नाही: परवानगी नेमकी कोण नाकारत आहे?

मुक्कामपोस्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे आम्ही घरचा संगणक बदलला. नव्या संगणकावर विंडोज ११ असून, जुन्या संगणकातील हार्ड डिस्क काढून ती याच यंत्रात दुसरी डिस्क म्हणून बसवून घेतली आहे. तिच्यावरचा जुना सी ड्राइव्ह आता ई ड्राइव्ह म्हणून दिसतो. गेल्या कित्येक वर्षांचे सातबारा उतारे, विजेची बिले, मुलीची प्रवेशपत्रे असे सर्व काही त्या डिस्कवरील यूझर्समध्ये माझ्या जुन्या नावाच्या फोल्डरातील डाउनलोड्समध्ये आहे, आणि पुढील कागदपत्रेही तेथेच साठवावीत अशी आमची इच्छा आहे.

अडचण अशी, की माझ्या खात्यातून त्या फोल्डरमध्ये डाउनलोड जतन होते, परंतु मुलीच्या खात्यातून क्रोम वापरून काहीही उतरवले तर ‘या ठिकाणी जतन करण्याची तुम्हाला परवानगी नाही, प्रशासकाशी संपर्क साधा’ अशा आशयाचा संदेश येतो आणि दुसऱ्याच फोल्डरमध्ये जतन करू का, असे विचारले जाते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’पुढे भरीव चौकोन दिसतो. तो मी काढतो, ओके म्हणतो, आणि पुन्हा उघडून पाहावे तर चौकोन जागच्या जागी असतो. डिस्क बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितले, की संपूर्ण ड्राइव्हला ‘एव्हरीवन’च्या, म्हणजे सर्वांच्या, नावे ‘फुल कंट्रोल’, म्हणजे पूर्ण अधिकार, देऊन टाका. तसे करण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

झटपट

तंत्रज्ञाने बरोबर सांगितले आहे. एव्हरीवन, फुल कंट्रोल, अप्लाय. मी माझ्या घरी हेच केले आणि त्यानंतर कधीही तक्रार आली नाही.

पाटीपेन्सिल

धागाकर्त्यांना विनंती, की वरील उपाय तूर्त करू नये. कारण पुढे लिहितो, आधी निदान करू.

रीड-ओन्लीचा चौकोन प्रथम डोक्यातून काढून टाका. विंडोजमध्ये फोल्डरच्या बाबतीत तो चौकोन फोल्डरची सद्यःस्थिती दाखवत नसतो. त्यावर टिचकी मारली, तर आतल्या फायलींचा रीड-ओन्ली गुणधर्म काढायचा किंवा लावायचा एवढाच त्याचा उपयोग असतो. त्यामुळे तो दर वेळी परत आलेला दिसतो, आणि त्याचा जतन न होण्याशी काहीही संबंध नसतो. या चौकोनाशी झुंजण्यात अनेकांच्या संध्याकाळी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता एक छोटी चाचणी करावी. मुलीच्या खात्यात प्रवेश करून, ब्राउझर बाजूला ठेवून, फाइल एक्सप्लोररमधून त्याच फोल्डरमध्ये उजवी टिचकी देऊन एक नवी टेक्स्ट फाइल तयार करून पाहावी. ती तयार झाली नाही, तर अडवणूक फोल्डरच्या परवानग्यांची आहे. ती तयार झाली आणि ब्राउझरमधून मात्र जतन झाले नाही, तर अडवणारा दुसराच कोणीतरी आहे आणि परवानग्यांना हात लावण्याची मुळीच गरज नाही. याशिवाय आपल्या खात्यातून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील ‘सिक्युरिटी’ या भागात कोणकोणती नावे दिसतात, आणि दोघांची खाती कोणत्या प्रकारची आहेत, तेही कळवावे. सिक्युरिटी हा भागच दिसत नसेल, तर ड्राइव्ह बहुधा फायली साठवण्याच्या एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीचा आहे. त्या पद्धतींत अशा परवानग्या नसतातच, आणि मग कारण दुसरीकडे शोधावे लागते. उदाहरणार्थ, फॅट३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.

मुक्कामपोस्ट

तत्पर उत्तराबद्दल आभार. चाचणी केली. मुलीच्या खात्यातून मुळात तो फोल्डर उघडतच नाही, त्यामुळे फाइल तयार करण्याचा प्रश्नच आला नाही. माझे खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रकारचे आहे, तिचे स्टँडर्ड. सिक्युरिटीमध्ये ‘सिस्टिम’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ आणि माझे आताचे नाव दिसते. त्यांच्या जोडीला ‘अकाउंट अननोन’ असे लिहून पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा आहे आणि त्याच्या चित्रावर प्रश्नचिन्ह आहे. डिस्क बसवल्यानंतर प्रथम फोल्डर उघडताना मला ‘कंटिन्यू’ असे बटण आले होते आणि ते दाबल्यावर बराच वेळ हिरवी पट्टी सरकत होती, एवढे आठवते. हा आकडा म्हणजे विषाणू वगैरे नव्हे ना?

पाटीपेन्सिल

विषाणू नव्हे. तो आकडा म्हणजे जुन्या संगणकावरचे तुम्हीच आहात.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. खाते तयार होताना त्याला एक ओळखक्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. एस-१-५-२१ नंतरचे तीन मोठे आकडे त्या विशिष्ट विंडोजचे असतात आणि शेवटचा आकडा, बहुधा १००१ किंवा त्याच्या आसपासचा, त्या खात्याचा असतो. एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर प्रत्येक फोल्डरसोबत एक यादी साठवलेली असते, आणि कोणत्या ओळखक्रमांकाला वाचता येईल, कोणाला लिहिता येईल, मालक कोण, हे सर्व त्या यादीत असते. नवे विंडोज टाकले की ते तीन मोठे आकडे बदलतात. नव्या संगणकावर आपण खात्याला अगदी तेच नाव दिले, तोच पासवर्ड ठेवला, तरी विंडोजच्या दृष्टीने तो नवा मनुष्य असतो. डिस्कवरील यादी मात्र जुनीच राहते, आणि त्या क्रमांकाचे कोणीही या संगणकावर नसल्यामुळे नावाऐवजी उघडा आकडा दिसतो.

सातबाऱ्यावर मयत खातेदाराचे नाव तसेच राहून गेले आणि वारसांची नोंद झाली नाही, तर जमीन घरचीच असूनही तिच्यावर काही करता येत नाही. तशीच ही अवस्था आहे. फेरफार नोंदवणे हाच तेथे उपाय असतो, आणि येथे तो अधिकार अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला आहे.

तुम्ही जे ‘कंटिन्यू’ दाबले, तो असाच एक फेरफार होता. ते बटण म्हणजे या वेळेपुरता आत जाण्याचा परवाना, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते दाबल्यावर विंडोज त्या फोल्डरच्या यादीत तुमच्या खात्याची कायमची नोंद करते आणि आतल्या फोल्डरांपर्यंत ती पोहोचवते. हिरवी पट्टी सरकत होती ती त्यासाठीच. परंतु नोंद झाली ती केवळ तुमच्या खात्याची. यूझर्समधील कोणत्याही व्यक्तिगत फोल्डरवर मुळात मालक, सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स एवढ्यांचाच प्रवेश असतो. घरातील दुसऱ्या खात्याला तेथे डोकावता येऊ नये हाच त्याचा उद्देश असतो. म्हणजे मुलीला आलेला नकार हा बिघाड नाही. फोल्डर त्याचे काम चोख करत आहे, फक्त तुम्ही त्याला नवे काम देऊ पाहत आहात.

एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते म्हणून येथेच लिहितो. ‘मी अ‍ॅडमिन आहे, तरी मला परवानगी नाही असे का म्हणतो?’ व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रकारच्या खात्यातही ब्राउझरसारखे कार्यक्रम साध्या अधिकारांनीच चालतात. पडदा काळवंडून ‘यास अनुमती द्यायची का’ असे विचारले जाते आणि आपण होकार देतो, तेवढ्या कामापुरतेच अ‍ॅडमिनचे पूर्ण अधिकार मिळतात. सी ड्राइव्हच्या थेट मुळाशी फाइल जतन करू गेल्यास अडवले जाते, त्याचेही कारण हेच; तेथे साध्या अधिकारांनी फोल्डर तयार करता येतो, पण फाइल ठेवता येत नाही. यावर ब्राउझरच ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडण्याचा उपाय सुचवला जातो, तो कृपया कोणी करू नये. तसे उघडलेल्या ब्राउझरमधून जे काही चालू होईल, त्यालाही तेच पूर्ण अधिकार मिळतात.

झटपट

एवढे पुराण सांगण्यापेक्षा एव्हरीवन दिले असते तर आतापर्यंत काम झाले असते. घरचाच संगणक आहे, बँकेचा सर्व्हर नव्हे.

पाटीपेन्सिल

काम झाले असते, हे मान्य आहे. परंतु त्यासोबत काय काय झाले असते, तेही पाहू. ‘फुल कंट्रोल’मध्ये लिहिण्यापलीकडे दोन अधिकार येतात, परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा. डाउनलोड जतन करायला ‘मॉडिफाय’ (वाचणे, लिहिणे, बदलणे, पुसणे) एवढा अधिकार पुरतो. त्यातून घरातील कोणत्याही खात्यात एखादा घातक कार्यक्रम शिरला, तर त्याला त्या खात्याचे अधिकार मिळतात, म्हणजे संपूर्ण डिस्कवरील प्रत्येक फाइल त्याच्या हाती जाते. आणि हाच सल्ला एखाद्याने उत्साहाच्या भरात चालू विंडोजच्या सी ड्राइव्हवर अमलात आणला, तर विंडोजच्या स्वतःच्या फायलींवरील संरक्षण जाते आणि पूर्वस्थिती आणण्याचा सोपा मार्ग उरत नाही; अशा यंत्रांवर अखेरीस विंडोज पुन्हा टाकावे लागते. ‘तक्रार आली नाही’ हा पुरावा मी मानत नाही. दार सताड उघडे ठेवले तर कुलपाची तक्रार येणार नाहीच.

धागाकर्त्यांना माझे सुचवणे असे आहे. जुना व्यक्तिगत फोल्डर सर्वांसाठी उघडण्याच्या फंदात पडू नये. ई ड्राइव्ह उघडून थेट त्याच्या मुळाशी ‘घरची कागदपत्रे’ असा एक नवा फोल्डर तयार करावा. पूर्वी सी असलेल्या ड्राइव्हच्या मुळाशी तयार केलेल्या नव्या फोल्डरला सामान्यतः ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’, म्हणजे या संगणकावर खाते असलेल्या सर्वांना, ‘मॉडिफाय’ अधिकार आपोआप मिळतात. आपणास नेमके तेवढेच हवे आहे. तयार झाल्यावर सिक्युरिटीमध्ये ते नाव दिसते का, हे पाहून घ्यावे. दिसत नसल्यास ‘एडिट’, मग ‘अ‍ॅड’ करून मुलीचे खाते घालावे आणि फक्त ‘मॉडिफाय’पुढे खूण करावी.

त्यानंतर जुन्या डाउनलोड्समधील फायली नव्या फोल्डरमध्ये न्याव्यात, मात्र कट-पेस्ट करून नव्हे, तर कॉपी-पेस्ट करून. हा भेद महत्त्वाचा आहे. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली, तर ती आपली जुनी परवानग्यांची यादी सोबत घेऊन येते. कॉपी केली, तर नवी प्रत तयार होते आणि तिला नव्या फोल्डरच्या परवानग्या लागू होतात. कट-पेस्ट केलेल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘नव्या फोल्डरमध्ये नव्या फायली उघडतात, जुन्या उघडत नाहीत.’ कोणाचे तसे झालेच असेल, तर सिक्युरिटीतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन, आतल्या सर्व घटकांच्या परवानग्या या फोल्डरच्या परवानग्यांनी बदलाव्यात अशा अर्थाचा, ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ने सुरू होणारा जो पर्याय तळाशी असतो, त्यापुढे खूण करून अप्लाय करावे. मात्र हा पर्याय केवळ नव्या फोल्डरवर वापरावा, संपूर्ण ई ड्राइव्हवर नाही.

शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमधील डाउनलोड्स या भागात जाऊन जतन करण्याचे ठिकाण बदलावे. प्रत्येक विंडोज खात्यातील ब्राउझरची ही नोंद स्वतंत्र असते, त्यामुळे ती दोन्ही खात्यांत करावी लागेल.

ओटीवरून

विषय जवळचाच आहे म्हणून येथेच विचारतो. मी विंडोजच्या डाउनलोड्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ या भागात जाऊन केवळ डी ड्राइव्ह निवडला. तेव्हापासून डाव्या बाजूच्या यादीत डी ड्राइव्हलाच ‘डाउनलोड्स’ नाव आले आहे, आणि ‘रिस्टोर डीफॉल्ट’ दाबले तर फायली हलवता येत नाहीत अशी त्रुटी येते. आता काय करावे?

पाटीपेन्सिल

ड्राइव्हच्या मुळाऐवजी त्यावरील एखादा फोल्डर निवडायला हवा होता. विंडोज आता संपूर्ण डी ड्राइव्हलाच डाउनलोड्स समजत आहे. प्रथम ‘लोकेशन’मध्ये डी ड्राइव्हवर नुकताच तयार केलेला रिकामा फोल्डर निवडून पाहावा, आणि जुन्या ठिकाणच्या सर्व फायली हलवू का असे विचारल्यास न चुकता ‘नो’ म्हणावे. ‘यस’ म्हटल्यास अख्खा ड्राइव्ह हलवण्याचा प्रयत्न सुरू होतो.

त्याने भागले नाही, तर रजिस्ट्री एडिटरमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलण्याच्या कार्यक्रमात, ‘करंट यूझर’खालील सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर या क्रमाने ‘यूझर शेल फोल्डर्स’पर्यंत जावे. तेथे महिरपी कंसातील ३७४ ने सुरू होणारी नोंद डाउनलोड्सची असते आणि तिच्यात सध्या डी ड्राइव्हचा पत्ता दिसेल. तो बदलून आपल्या व्यक्तिगत फोल्डरातील डाउनलोड्सचा पूर्ण पत्ता लिहावा आणि संगणक पुन्हा चालू करावा. त्याआधी त्या भागाची प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावी.

मुक्कामपोस्ट

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले. नव्या फोल्डरमध्ये ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’ आपोआप आले होते. मुलीच्या खात्यातून क्रोम आता विनातक्रार जतन करते आणि कॉपी केलेली जुनी प्रवेशपत्रेही तिला उघडता येतात.

परंतु एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. परीक्षेच्या अर्जासाठी तिला छायाचित्र आणि स्वाक्षरी स्कॅन करावी लागते. आमचा स्कॅनर जुना आहे आणि त्याचा कार्यक्रमही जुनाच. तो तिच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवरच, जतन करू पाहतो आणि ‘फाइल सापडली नाही’ असे म्हणतो. जी फाइल अजून तयारच व्हायची आहे, ती सापडणार कशी? आपली टेक्स्ट फाइलची चाचणी तेथे केली, तर फाइल लगेच तयार होते.

बिनतारी

चाचणीनेच उत्तर दिले आहे. फोल्डरची ना नाही, त्या विशिष्ट कार्यक्रमाला कोणीतरी थांबवत आहे. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये खाली ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ पाहावे. तेथे ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असल्याचे दिसेल, असा माझा अंदाज आहे.

ही सोय विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीत, २०१७ साली आली. ती मुळात बंद असते आणि मुद्दाम चालू करावी लागते. चालू असताना डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक अशा फोल्डरांमध्ये केवळ विश्वासू मानलेल्या कार्यक्रमांनाच लिहिता येते. क्रोमसारखे सर्वपरिचित कार्यक्रम त्यातून सुटतात, तर जुन्या स्कॅनरसोबत आलेला अल्पपरिचित कार्यक्रम अडकतो. त्या बिचाऱ्याला आपण का अडलो हे कळत नाही, म्हणून तो हाताशी असलेला कोणताही संदेश दाखवतो, आणि ‘फाइल सापडली नाही’ हा त्यातलाच एक.

त्याच पानावर ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ असा दुवा आहे. त्यात अलीकडे अडवलेल्या कार्यक्रमांची यादी मिळते. स्कॅनरचा कार्यक्रम त्यातून निवडावा. यासाठी अ‍ॅडमिनची संमती लागते, त्यामुळे मुलीच्या खात्यातून करताना आपला पासवर्ड द्यावा लागेल. संपूर्ण सोय बंद करण्याचा मोह टाळावा, आणि यादीतील जे नाव ओळखीचे नाही त्याला परवानगी देऊ नये.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सवाल्यांसाठी थोडी भर. उबुंटू आणि विंडोज एकाच संगणकावर असतील आणि उबुंटूमधून विंडोजच्या ड्राइव्हवर जतन होत नसेल, तर आधी परवानग्या बदलू नयेत. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही ते पूर्णपणे बंद होत नाही, ड्राइव्ह अर्धवट वापरात असल्यासारखा राहतो, आणि लिनक्स तो सावधगिरीने केवळ वाचण्यापुरता जोडते. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ निवडून उबुंटूत यावे, किंवा फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करावे.

दुसरे असे, की उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स मुळात स्नॅप, म्हणजे बंदिस्त पाकिटासारख्या, स्वरूपात येतो, आणि स्नॅपमधील कार्यक्रमाला कोणत्या जागा दिसाव्यात यावर स्वतंत्र बंधन असते. बाहेरील डिस्कवर जतन होत नसल्यास त्याला ‘रिमूव्हेबल मीडिया’ ही जोडणी दिली आहे का, ते पाहावे. घरच्या फोल्डरमध्येच नकार येत असेल, तर मालक ‘रूट’, म्हणजे लिनक्सचा सर्वाधिकारी, झाला आहे का ते तपासावे आणि ‘सीएचओन’ (chown) या आज्ञेने मालकी परत आपल्या नावे करावी. सर्वांना सर्व अधिकार देणारा ७७७ हा आकडा सुचवणारे आमच्याकडेही ‘झटपट’रावांइतकेच विपुल आहेत.

सातासमुद्रापार

मॅकवर असाच नकार येत असेल, तर सिस्टिम सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘फाइल्स अँड फोल्डर्स’ हा भाग पाहावा. २०१९ च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स यांसाठी प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र संमती लागते, आणि घाईत एकदा नकार दिला असेल तर तो कायम राहतो. तसेच एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकला जोडली तर ती केवळ वाचता येते, त्यामुळे तेथे परवानग्या बदलत बसण्यात अर्थ नाही.

मुक्कामपोस्ट

बिनतारी यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. ती सोय डिस्क बसवतानाच चालू करून दिली होती, असे तंत्रज्ञाकडून कळले. यादीत स्कॅनरच्या कार्यक्रमाचे नाव सर्वांत वर होते. परवानगी दिल्यावर स्वाक्षरीचे चित्र जतन झाले.

आता एकच शंका उरली. नव्या फोल्डरमध्ये सर्व कॉपी झाले असल्याने यूझर्समधील माझा जुना फोल्डर पुसून टाकावा का? त्यातील ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’ हे दोन फोल्डर माझ्या खात्यातूनही उघडत नाहीत.

पाटीपेन्सिल

ते दोन फोल्डर नव्हेतच. जुन्या कार्यक्रमांसाठी ठेवलेले ते केवळ दिशादर्शक आहेत, खऱ्या डॉक्युमेंट्सकडे आणि अ‍ॅप डेटाकडे बोट दाखवणारे, आणि ते उघडू नयेत अशी सोय विंडोजनेच केलेली आहे. त्यांची मालकी घेत बसू नये.

पुसण्याची घाई नको. डेस्कटॉप, पिक्चर्स आणि डॉक्युमेंट्स या खऱ्या फोल्डरांत काही उरले आहे का ते पाहावे. त्यातील एखाद्या फाइलच्या चित्रावर कुलूप दिसत असेल, तर ती जुन्या खात्याच्या प्रमाणपत्राने कूटबद्ध केलेली असू शकते, आणि तशी फाइल मालकी घेऊनही उघडत नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत ही सोय नसल्याने ती शक्यता आपल्याकडे कमी आहे. ‘घरची कागदपत्रे’ या फोल्डरची एक प्रत बाहेरील डिस्कवर घेतली, ती मुलीच्या खात्यातूनही उघडते याची खात्री केली, की जुना फोल्डर खुशाल पुसावा. पुसताना तो पुन्हा अ‍ॅडमिनची संमती मागेल, ती द्यावी.